धाडची चोरओटी

आमच्या घरात गुपितांची व्यवस्था फार सोपी आहे. जे सगळ्यांना कळायला हवं ते मला सांगतात, आणि जे कुणालाच कळायला नको ते आधी माझ्यापासून लपवतात. याचा मला कधी राग आला नाही. खरं सांगायचं तर थोडा अभिमानच वाटतो. बुलढाण्याच्या एका शाळेत मी बरीच वर्षं मराठी शिकवते, स्नेहसंमेलनाची नाटकं बसवते, आणि ऐन कार्यक्रमात माईक बंद पडला की आमच्या मुख्याध्यापिका माईकवाल्याला नाही, मला हाक मारतात. देवानं आवाज दिला, पण तो आत ठेवायची सोय करायला विसरला.

दादाच्या लग्नाच्या बोलणीत वहिनीच्या वडिलांनी त्याच्या मनगटावरच्या घड्याळाचं कौतुक केलं, तेव्हा ते घड्याळ शेजारच्या काकांचं आहे आणि संध्याकाळच्या आत परत करायचं आहे, ही माहिती त्यांना मीच पुरवली होती. फ्रॉकमध्ये होते तेव्हा. लग्न झालं, संसार झाला, दोघांना नातवंडांचे वेध लागायची वेळ आली, पण वहिनीनं त्या दिवशी मला जे ओळखलं ते ओळखलं. आजही स्वयंपाकघरात काही महत्त्वाचं बोलणं चाललं असेल आणि मी आत गेले, तर ती भाजीबद्दल बोलायला लागते. वांग्याबद्दल वहिनीला इतकं काही माहीत असेल असं कुणाला वाटणार नाही.

वांगी त्यांच्या शेतातलीच असतात. माझं माहेर धाडचं. दादाची तिथं बागायत आहे, वांगी, टोमॅटो, कोबी असं काय काय असतं, आणि भाचा ते सगळं स्वतःच्या पिकअपमध्ये भरून बाजाराला नेतो. त्याची बायको सोनाळ्याची, म्हणजे घाटाखालच्या गरम मुलखातली. ती लग्न होऊन आली त्या पहिल्या हिवाळ्यात धाडच्या गारठ्यानं तिची इतकी दैना झाली की ती स्वेटरवर स्वेटर घालून भाकरी थापायची आणि सगळी गल्ली हसायची. "घाटाखालची हाये, तिले थंडी वाजतेच," हे वाक्य तेव्हापासून घरात कायमचं झालं. ते वाक्य लक्षात ठेवा. पुढं त्यानं फार घोळ घातला.

मला ही पोरगी पहिल्या दिवसापासून आवडली. कमी बोलायची, पण माझं सगळं ऐकून घ्यायची. माझ्यासारख्या बाईला याहून काय हवं? लग्नाला वर्ष होतं न होतं तोच तिच्या गळ्याशी, मंगळसूत्राच्या जरा वर, एक गाठ आली. दुखत नव्हती. मग दुसरी आली. तपासण्या झाल्या आणि कळलं की लसिकाग्रंथींचा कॅन्सर आहे. बरा होऊ शकणारा आहे, असं संभाजीनगरच्या डॉक्टरीणबाईंनी पहिल्याच भेटीत सांगितलं, आणि दुसरं वाक्य बोलल्या ते असं, की औषधं सुरू करण्याआधी तुम्हाला मूल हवंय का याचा विचार करा, कारण या औषधांनी पुढं अडचण येऊ शकते. आम्ही तिघं बसलो होतो, ती, भाचा आणि मी. ज्या बाईला आत्ताच कॅन्सर आहे असं कळलंय तिला मुलांचं विचारतात, हे मला तेव्हा क्रूर वाटलं. आता वाटतं, त्या दिवशी त्या खोलीत सगळ्यात मायेचा प्रश्न तोच होता.

ती म्हणाली, हवंय. भाच्यानं नुसती मान हलवली. मग घाईघाईनं इंजेक्शनं, सोनोग्राफ्या आणि दुसऱ्या दवाखान्याचे फेरे झाले, आणि दोघांचे मिळून काही भ्रूण तिथं गोठवून ठेवले. वहिनीला एवढंच सांगितलं की उपचाराच्या आधीच्या तपासण्या आहेत. सांगायचं काम माझ्याकडे नव्हतं, हे उघडच आहे.

केमो झाली, केस गेले, परत आले. आणि वर्षाच्या आत गाठही परत आली.

या वेळी डॉक्टरीणबाईंनी इम्युनोथेरपी सांगितली. मी पोरांना शिकवणारी बाई. मला कळेपर्यंत मी कुणाला उठू देत नाही. त्यांनी समजावलं, मी परत विचारलं, त्यांनी पुन्हा समजावलं, आणि शेवटी मी ते आमच्या भाषेत असं बसवलं. लग्नात दाराशी आपले काके-मामे उभे असतात. कोण आपलं, कोण परकं, हे ते बघतात. पण एखादा बिनबोलावता माणूस बाहेरूनच फेटा बांधून आला तर? फेटा दिसला की मामा म्हणतात, या, बसा पंगतीला. कॅन्सर तसा फेटा बांधून बसलेला असतो, आणि शरीराचे पहारेकरी त्याला पाहुणा समजून वाढत राहतात. हे नवं औषध कॅन्सरला मारत नाही. ते पहारेकऱ्यांना सांगतं की फेट्याला भुलू नका, तोंड बघा.

डॉक्टरीणबाई हसल्या. म्हणाल्या, चालेल. मग त्यांनी पुढचं सांगितलं, आणि मी हसायची थांबले. पोटातलं बाळ अर्धं बापाकडचं असतं. आईच्या शरीराच्या हिशेबानं ते परकंच. मग आईचं शरीर त्याला नऊ महिने कसं सांभाळतं? अनेक युक्त्या असतात, पण त्यातली एक हीच. बाळाची वारही तोच फेटा बांधून बसते. म्हणून हे औषध चालू असताना, आणि शेवटच्या सलाईननंतरही काही महिने, दिवस राहू द्यायचे नाहीत. या औषधावर असताना गरोदर राहिलेल्या बायका जगात थोड्याच, काहींची बाळं धडधाकट झाली, काहींचं पोट टिकलं नाही, आणि छातीठोकपणे सांगता येईल इतकं अजून कुणालाच माहीत नाही, असं त्यांनी सरळ सांगितलं. डॉक्टरनं 'माहीत नाही' म्हणताना मी फारसं ऐकलेलं नव्हतं.

आणखी एक गोष्ट त्यांनी निघताना, दाराशी सांगितली. पहारेकरी एकदा चिडले की कधीकधी घरच्यांवरच हात उगारतात. गळ्यातली थायरॉईड, मेंदूखालची बारकी ग्रंथी. मग फार थकवा येतो, डोकं दुखतं, चक्कर येते, पाळी चुकते. असं काहीही झालं तर थांबू नका, फोन करा. नर्सबाईंनी नंबर दिला. भाच्यानं घेतला, तिनं घेतला, आणि कुणाचाही नंबर सोडायचा नाही या नियमानं मीही घेतला.

उपचार लागू पडले. गाठ विरघळत गेली. स्कॅन चांगला आला तेव्हा मी शाळेच्या वऱ्हांड्यातच फोनवर ओरडले आणि दहावीच्या वर्गाला वाटलं, पेपर पुढं ढकलला.

मग गेल्या चैत्रात धाडहून फोन येणं बंद झालं.

बंद म्हणजे, मी केला की उचलायचे. पण वहिनी वांग्यांबद्दल बोलायला लागली. पहिल्या दिवशी वांगी, दुसऱ्या दिवशी वांगी, तिसऱ्या दिवशी वांगी आणि टोमॅटो. मी विचारलं, पोरगी कशी आहे? म्हणे, झोपली आहे. दुपारी झोपली आहे, संध्याकाळी झोपली आहे. पुढचं सलाईन कधी? तर तारीख पुढे गेली म्हणे. भाच्याला विचारलं, तर तोही तेच म्हणाला, तिनंच त्याला सांगितलं होतं की दवाखान्यातून तसा फोन आला. माझा जीव थाऱ्यावर राहीना. घरात बसवेना. एकदाच्या जागी दोनदा चहा करायची आणि दोन्ही कप तसेच ठेवायची. पायऱ्या उतरायची, कशाला उतरले ते विसरून परत चढायची. आजार परत आला असेल आणि मला सांगत नसतील, या एका विचारानं डोक्याचा पार भुगा केला. पेपर तपासताना एका पोरीच्या निबंधावर मी 'तारीख का पुढे गेली?' असं लिहून ठेवलं. तिची आई विचारायला आली होती.

शेवटी न सांगता निघाले. सुट्टीच्या दिवशी सकाळी एस.टी. पकडली आणि धाडला उतरले तेव्हा ऊन असं होतं की डांबराला चप्पल चिकटत होती.

घराचं दार लोटलेलं होतं. मी ढकललं. आणि आत जे घडलं ते मी आजवर बसवलेल्या कोणत्याही नाटकात घडलेलं नाही. समोरच्या खोलीत पाच बायका होत्या. पाचही शेजारणी. मला पाहिलं आणि पाचही जणी एकदम उठल्या. एक मोरीकडे गेली, एक देवघराकडे, एक मागच्या दारानं थेट निघून गेली, तिच्या चपला मात्र पुढच्या दारातच राहिल्या. चौथीनं हातातला नारळ लपवायला जागा शोधली आणि तो कणकेच्या परातीत दाबून वर ओला फडका टाकला. पाचवी म्हातारी होती, तिला उठायला जमेना. ती बसल्या जागी डोळे मिटून जप करायला लागली. आणि मधोमध पाटावर भाचसून, पदरात गहू, कपाळावर ताजं कुंकू, आणि त्या भाजणाऱ्या उन्हात अंगावर शाल.

वहिनी म्हणाली, "चैताचं हळदीकुकू होतं."

मी म्हटलं, "असं? मग भिजवलेले हरभरे कुठं आहेत?"

वहिनीनं इकडंतिकडं पाहिलं. हरभरे नव्हते, पन्हं नव्हतं, आंब्याची डाळ नव्हती. होता तो एक हिरवा खण, पदरातले गहू आणि कणकेतून डोकावणारी नारळाची शेंडी.

तेव्हा मला कळलं. चोरओटी होती.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. सुनेला दिवस गेले की तिसऱ्या महिन्यात, बाहेर कुणाला कळायच्या आत, चार विश्वासातल्या बायका बोलावून गुपचूप ओटी भरतात. पुरुषांनाही सांगत नाहीत. गाजावाजा झाला तर दृष्ट लागते, म्हणून चोरून. पुढं पोट दिसायला लागलं की मग डोहाळजेवण, फुलांचे दागिने, फोटो, काय हवं ते. पण चोरओटीला तोंड शिवायचं. आणि तोंड शिवायचं म्हटल्यावर आत्याबाईला वगळणं हे ओघानंच आलं. वहिनीच्या जागी मी असते तर मीही मला बोलावलं नसतं.

बायका पांगल्या. वहिनी मला आत घेऊन गेली, आणि खरं सांगते, तिचा चेहरा असा फुलला होता की मला काही बोलवेना. दोनदा पाळी चुकली होती. सकाळी उलट्या होत होत्या. अन्नावर वासना नव्हती. दिवसभर झोप. "सारी लक्षनं हायेत, बाई," ती म्हणाली. "देवानं एवढं दुखनं देल्लं तं भरपाईबी देल्ली." आणि थंडी? शाल कशाला पांघरलीय तिनं या उन्हात? वहिनी म्हणाली, "घाटाखालची हाये, तिले थंडी वाजतेच."

मी म्हटलं, वहिनी, चैत्रात?

वहिनी वांग्यांकडे वळली.

मी पोरीजवळ जाऊन बसले. ती पाटावरून उठून खाटेवर जायला निघाली आणि दोन पावलांत भिंतीला धरून उभी राहिली. मी हात धरला, तर गार. दंडाची हाडं लागत होती. पोटुशी बाई भरत जाते, हिचं तर अंग उतरत चाललं होतं. डोकं दुखतं का विचारलं, तर म्हणे रोजच. चाचणी केली का विचारलं, ती मेडिकलमध्ये मिळते ती, तर तिनं दाराकडं पाहिलं, वहिनी लांब आहे याची खात्री केली आणि मला सगळं सांगितलं. दवाखान्यातून कसलाही फोन आला नव्हता. तारीख तिनंच पुढे ढकलली होती. सलाईन चढवण्याआधी ते लघवी तपासतात हे तिला माहीत होतं.

"तपासलं तं कळन, आत्याबाई," ती म्हणाली. "कळलं तं सांगा लागन. सांगतलं तं डॉक्टर म्हनतीन, नाई चालत. नाई तपासलं तंवर ते माह्यापाशी हाये."

मी गप्प राहिले. माझ्या आयुष्यात असे प्रसंग बोटावर मोजण्याइतके.

मग तिनं माझा हात आपल्या डोक्यावर ठेवून घेतला. कुणाला सांगणार नाही अशी शपथ हवी होती तिला. मी म्हटलं, बरं, अन् मनात म्हटलं, अगं बाई, कुणाकडून शपथ घेऊन राह्यलीस तू.

मी परसात आले. भाच्याची पिकअप तिथं उभी होती, वांग्याचे क्रेट भरलेले. त्यांच्या आडोशाला उभी राहून मी तो नंबर लावला. नर्सबाईंनी उचलला. मी एका दमात सांगितलं आणि त्या तिकडून एकेक विचारत गेल्या. उभं राहिल्यावर चक्कर? हो. डोकं? रोज. उलट्या? हो. वजन? उतरलंय. पाळी? दोनदा चुकली. थंडी वाजते का? मी म्हटलं, बाई, ती घाटाखालची आहे, आणि समोरचं ऊन बघून लगेच म्हटलं, हो, वाजते. नर्सबाईंनी डॉक्टरांना विचारलं आणि परत आल्या. म्हणाल्या, गरोदर असेल नसेल ते इथं बघू. आत्ता निघा. उद्या नको, आत्ता.

आता प्रश्न असा, की घरातून तिला बाहेर काढायचं कसं. वहिनी सोडणार नव्हती. तिसऱ्या महिन्यात गाडीचे धक्के कुणी देतं का? पोरगी येणार नव्हती. भाच्याला काही माहीतच नव्हतं. दादा शेतात. प्रत्येकाला वेगवेगळं समजावत बसले असते तर संध्याकाळ झाली असती. सगळ्यांच्या तोंडावर एकच कुलूप होतं, चोरओटीचं. ते फुटल्याशिवाय कुणी हलणार नव्हतं.

म्हणून मी अंगणात गेले, तुळशीपाशी उभी राहिले, पदर खोचला, आणि देवानं दिलेला सगळा आवाज बाहेर काढला. आमच्या सुनेला दिवस गेलेत असं घरच्यांना वाटतंय, आत्ताच चोरओटी झाली, तिची तब्येत बरी नाही, तिला संभाजीनगरला न्यायचंय, पिकअप रिकामी करायला चार माणसं पाहिजेत. हे मी दोनदा सांगितलं. दुसऱ्यांदा जरा लयीत सांगितलं, सवय असते ना. गल्लीतली दारं उघडली. मघाशी पळून गेलेली शेजारीण आपल्या चपला घ्यायला आली होती, ती दारातच थिजली. भाचा हातात पाण्याची बाटली घेऊन धावत आला आणि बाटली तिथंच पडली. वहिनी उंबऱ्यात उभी राहिली. ती रागावली असती तर परवडलं असतं.

"तुमाले काऊन सांगतलं नाई, ते समजलं का आता?" ती खालच्या आवाजात म्हणाली. "माह्या नातवाले नजर लावली तुमी."

मी क्रेट उतरवायला लागले.

भोकरदनच्या पुढे पोरगी माझ्या मांडीवर झोपली. भाचा गाडी चालवत होता. मध्येच एकदा त्यानं विचारलं की तारीख पुढे गेली नव्हती का? मी म्हटलं, नाही. वहिनी मागे हौद्यात बसून आली. पुढं दाटीवाटीनं जागा झाली असती, तरी मागे बसली, दादाच्या टॉवेलनं डोकं बांधून. आरशात मला ती दिसत होती. मांडीवर पिशवी घट्ट धरलेली. प्रत्येक खड्ड्याला ती आत केबिनकडे बघायची, पोरीला धक्का लागला का म्हणून.

दवाखान्यात आधी रक्तदाब पाहिला आणि लगेच आत घेतलं. रक्त काढलं, सलाईन लावलं. काही वेळानं डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. दिवस राहिलेले नाहीत, त्या म्हणाल्या. पहारेकऱ्यांनी घरातच हाणामारी केली होती. मेंदूखालची ग्रंथी सुजली होती, आणि तिच्या हुकमावर चालणारं सगळं बंद पडत आलं होतं, अंगातली ताकद, रक्तदाब, पाळी. म्हणून थकवा, म्हणून उलट्या, म्हणून थंडी. स्टिरॉईड सुरू केलंय, आता उतार पडेल. आणखी काही दिवस घरी ठेवलं असतं तर, असं म्हणून त्या थांबल्या आणि ते वाक्य त्यांनी तसंच सोडलं.

वहिनी मटकन बाकावर बसली. पिशवी कलंडली आणि तिच्यातून नारळ घरंगळत गेला. कणीक वाळून चिकटलेला. घाईत ती ओटी तशीच घेऊन आली होती. तो नारळ कॉरिडॉरमधून पार लिफ्टपर्यंत गेला आणि लोक पाय उचलून वाट देत राहिले. इतर कुठल्याही दिवशी मी यावर पोट धरून हसले असते. मी गेले, उचलून आणला, पदरानं पुसला आणि वहिनीच्या मांडीवर ठेवला. तिनं माझा हात धरला, सोडला नाही.

पोरीला मीच सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती उशीला टेकून बसली होती, गालावर रंग आला होता, भाकरी आणि ठेचा मागत होती. तिनं ऐकून घेतलं. जिवावरचं संकट टळलं याबद्दल ती एक शब्द बोलली नाही.

"मंग इतके दिवस मी कोनासंगं बोलत होती?" तिनं विचारलं.

वहिनी पलीकडे उभी होती. ती जवळ आली, पिशवीतून ते गहू आणि तो हिरवा खण काढला आणि परत तिच्या पदरात टाकला. म्हणाली, भरलेली ओटी माघारी घेत नसतात.

पुढचं थोडक्यात सांगते. पोरगी आता रोज गोळ्या घेते. त्या ग्रंथीचं काम त्या गोळ्या करतात, बहुधा जन्मभर करतील, आणि ताप आला किंवा ऑपरेशन असलं की डोस वाढवायचा, हे घरात सगळ्यांना पाठ झालंय, दादालासुद्धा. इम्युनोथेरपी मग डॉक्टरांनी थांबवली. स्कॅन चांगला आहे. गोठवलेले भ्रूण जिथं होते तिथं आहेत, हे वहिनीला अखेर सांगितलं, तेव्हा तिला आधी भीती वाटली की तिथली लाईट गेली तर? मग ती दर सणाला विचारायला लागली, तिथं लाईट आहे ना? पाळी आपली आपण येईल असं नाही, पण औषधांनी गर्भाशय तयार करता येतं, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणि लगेच पुढं म्हणाल्या की खात्री कसलीच देत नाही. थांबायला सांगितलेला काळ दोघं थांबले. त्याच्याहून थोडं जास्तच थांबले. खणाचा ब्लाऊज तिनं शिवलेला नाही. ओटीच्या गव्हात वहिनीनं कडुनिंबाचा पाला घालून ठेवलाय.

वहिनी माझ्याशी बोलायला लागली ती थेट आखाडात. सुरुवात वांग्यांनीच झाली.

आणि परवा दुपारी, शाळा सुटायच्या वेळेला, भाचसुनेचा फोन आला. ती संभाजीनगरहून बोलत होती. सकाळी गोठवलेल्यातला एक भ्रूण तिच्या गर्भाशयात ठेवला होता. आता काही दिवस वाट पाहायची, मग रक्त तपासायचं. धाडला कुणालाच सांगितलेलं नव्हतं. भाजीचं पेमेंट घ्यायला जातो म्हणून दोघं निघाले होते. मी विचारलं, अगं मग मला कशाला सांगितलंस? माझी कीर्ती तुला माहीत नाही का?

"म्हनूनच तं," ती म्हणाली. "काई बिघडलं तं तुमी बोंबलसान. बाकीचे भाजीबद्दल बोलतीन."

तेव्हापासून मी या घरात फिरते आहे. बसले की उठते, उठले की कुठं जायचं ते सुचत नाही. दूध दोनदा उतू गेलं. नाटकाच्या तालमीत मी राजाला राणीचे संवाद म्हणायला लावले आणि त्यानं ते म्हटलेही. डॉक्टरांना माहीत आहे, तिच्या नवऱ्याला माहीत आहे, मला माहीत आहे, म्हणजे या वेळी यात चोरी काही नाही, नुसती वाट पाहणं आहे, असं मी स्वतःला समजावते. पण जिभेला ते कळत नाही. काल संध्याकाळी वहिनीचा फोन आला. म्हणाली, पोरं संभाजीनगरला गेली आहेत, अजून आली नाहीत, तुमाले काई बोलले का?

मी गच्चीवर गेले आणि तिच्याशी वांग्यांबद्दल बोलले. भरलेली वांगी, भाजलेली वांगी, वांग्यावरची कीड, काटेरी देठ. इतकं बोलले की शेवटी पलीकडून आवाजच येईना. मला वाटलं, फोन कटला.

मग वहिनी हळूच म्हणाली, "बरं बाई. नोका सांगू. मी गव्हाले ऊन दाखोतो उद्या."